अब्राहामचा करार: वंशाचा की वर्तनाचा?

मुंबईच्या मांडवीतलं शार हारहामीम हे १७९६ साली स्थापन झालेलं सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली यहुद्यांचं; आसपास मुसलमानांची मोठी वस्ती. दोघांचा पूर्वज एकच: अब्राहाम, म्हणजेच इब्राहीम.

यहुदी परंपरेत देवाने अब्राहामशी केलेला करार त्याचा मुलगा इसहाक याच्या वंशाकडे जातो, जन्मानंतर आठव्या दिवशीच्या सुंतेने देहावर उमटतो. थोरला मुलगा इश्माएल याची सुंता तेराव्या वर्षी झाली, आशीर्वादही मिळाला. करार मात्र नाही. कुराणात (२:१२४) इब्राहीम संततीबद्दल विचारतात, तर उत्तर येतं की हे वचन अन्याय करणाऱ्यांना लागू नाही. ख्रिस्ती धर्मात प्रेषित पौल वंशापेक्षा विश्वासावर भर देतो.

मला कुराणातलं ते कडक उत्तर भिडतं. पण शतकानुशतकं कोकणात तेल गाळत, सुंता आणि शब्बाथ (शनिवारची विश्रांती) पाळून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले बेने इस्रायली टिकले, ते वंशाच्या करारावरच.