वाड्याचे दार म्हणून विकत घेतलेला आंबा

बैठकीसाठी सागवानी टेबल नवे घेणे खिशाला परवडत नव्हते, म्हणून जुन्या दाराची एक झडप आडवी टाकून, खाली लोखंडी पाय लावून ते घरीच करावे, असे मी ठरवले. पुण्याच्या पेठांतले वाडे पाडले जातात तेव्हा त्यांची दारे आणि तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येतात आणि त्यांत उत्तम सागवान निघते, हे खरेच आहे. माझी फसवणूक या खऱ्या गोष्टीच्याच आडोशाने झाली.

एका गोदामात मला दोन झडपांचे काळपट दार दाखवण्यात आले. "ताई, वाड्याचा माल आहे, शंभर वर्षांचा," असे म्हणत विक्रेत्याने चाकू काढून दाराची बाहेरची कड नखाएवढी खरवडली. आतून सोनेरी तपकिरी, किंचित तेलकट लाकूड दिसले आणि नाक जवळ नेल्यावर सागाचा तो कातड्यासारखा वासही आला. खरवडायची जागा त्याने निवडली होती, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

मग मोजमाप झाले. लाकूड घनफुटावर विकतात. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींच्या गुणाकाराला १४४ ने भागायचे. झडप साडेसहा फूट लांब आणि १८ इंच रुंद होती, पण जाडी मोजताना त्याने टेप नेमका मधल्या उभ्या पट्टीवर धरला. तिथे ती अडीच इंच भरली, बाकी सगळी झडप दीड इंचाची होती. दोन्ही झडपांचे मिळून चार घनफुटांहून थोडे अधिक झाले आणि २,८०० रुपये दराने ११,३७५ रुपये. मी घासाघीस करून ११,००० वर आणले आणि खुशीत घरी आले. दीड इंचाने हिशेब केला असता, लाकूड अस्सल धरूनही, ६,८२५ रुपयेच होत होते. बिल मागितले तेव्हा "बिल घेतलेत तर जीएसटी वर पडेल" असे उत्तर मिळाले आणि मी गप्प बसले, ही चूक मात्र सर्वस्वी माझी.

घरी ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला, तर काळी साल निघून खाली फिकट लाकूड दिसू लागले. आमच्या सुतारकाकांनी मधोमध रंधा मारला, किस चिमटीत चोळला आणि म्हणाले, "ताई, हा आंबा आहे." कडांना तेवढ्या दोन-दोन इंचांच्या सागवानी पट्ट्या चिकटवल्या होत्या. लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये भिजवून ते पाणी लाकडाला लावले की त्यातल्या टॅनिनशी लोहाची क्रिया होऊन लाकूड काही मिनिटांत काळपट पडते; टॅनिन कमी असेल तर आधी कडक चहाचा हात देतात. हिरडा आणि लोखंड यांपासून काळी शाई करण्याची आपल्याकडची जुनी रीतही याच रसायनावर चालते. गंमत म्हणजे नव्या फोटोफ्रेम जुन्या दिसाव्यात म्हणून हीच युक्ती मी स्वतः वापरलेली आहे.

दार पालथे करून पाहिले असते तरी पुष्कळ कळले असते. जुन्या वाड्यांतली दारे बिजागऱ्यांवर नव्हे, झडपेच्याच लाकडी खुंट्यांवर फिरत. या दाराला बिजागऱ्यांच्या ताज्या, धारदार खाचा होत्या. मागच्या पट्ट्यांना फुलीच्या खाचेचे स्क्रू होते आणि तसे स्क्रू १९३० च्या दशकात वापरात आले, तेव्हा शंभर वर्षांच्या दारात ते मूळचे असणे शक्यच नव्हते. कड्या "पितळी" म्हणून सांगितल्या होत्या, त्यांना लोहचुंबक चिकटला.

चौथ्या दिवशी फरशीवर मैद्यासारखे पिवळसर पीठ सांडलेले दिसले. वाळवी माती आणते, लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी असे पीठ पाडते. भुंगेरे बाहेर पडल्याची टाचणीच्या डोक्याएवढी भोके रंगीत मेणाने बुजवलेली होती.

विक्रेता फोनवर "जुन्या मालाची गॅरंटी नसते" एवढेच म्हणाला. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार केली, तेव्हा बिलाची प्रत मागण्यात आली. माझ्याकडे यूपीआयची नोंद होती आणि तीही भलत्याच नावाने. नियमाप्रमाणे बिल न देणे हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते, हे मला नंतर समजले.

सागवानी पट्ट्या सोडवून सुतारकाकांनी त्यांचे खुंटाळे करून दिले. उरलेल्या आंब्याच्या भोकांत सिरिंजने औषध भरून तो गॅलरीत ठेवला आहे. त्याच्याखाली काळा कागद अंथरला आहे आणि नवे पीठ पडले आहे का, हे मी रोज सकाळी वाकून पाहते.