लग्नानंतर चौथ्या महिन्यात घेतलेलं डिशवॉशर, १ वर्ष वापरून झाल्यावर

आम्ही दोघं वाघोलीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, दोघांच्याही नोकऱ्या, आणि लग्नानंतरचं आमचं पहिलं खरं भांडण सिंकमधल्या भांड्यांवरून झालं. ठरलं होतं की स्वयंपाक मी करायचा, भांडी त्याने घासायची. पण एका रविवारी सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर मुलाला कढई घासताना बघितलं, तेव्हा काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी फोन मला, "अगं तो किती दमून येतो, दोन माणसांची भांडी ती काय". मी पण साडेसातलाच घरी येते. त्यांना काही बोलले नाही आणि रात्री सगळं नवऱ्यावर निघालं. माझ्या आईचं वेगळंच, सरळ बाई लाव म्हणे, पण आम्ही सकाळी ८ ला बाहेर पडतो, बाईला दार कोण उघडणार?

शेवटी १३ प्लेस सेटिंगचं (एक सेटिंग म्हणजे एका माणसाच्या जेवणाची भांडी) डिशवॉशर घेतलं, ४० हजारांच्या आसपास पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे जे सांगतेय ते बहुतेक सगळ्याच मशीनना लागू आहे. त्याच पैशात नवऱ्याला मोठा टीव्ही हवा होता, तो त्याने दिवाळीवर ढकलला, आणि मी ड्राय बाल्कनीतल्या माझ्या कुंड्या खिडकीच्या ग्रिलमध्ये हलवल्या कारण नळ आणि ड्रेनची सोय तिथेच होती.

दोन्ही आयांचा पहिला प्रश्न पाण्याचा. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं त्यामुळे प्रश्न बरोबरच होता. सासूबाई राहायला आल्या तेव्हा नवऱ्याने मशीनचा ड्रेन पाईप २० लिटरच्या बादलीत सोडला आणि त्या स्टूल घेऊन समोर बसल्या. सकाळचे पोह्यांचे डिश, कुकर, दुधाचं पातेलं, रात्रीची ताटं-वाट्या, सगळं आत. सगळं धुऊन झालं तेव्हा बादली अर्ध्याच्या थोडी वर भरली होती. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एवढ्याला तीन बादल्या लागतात गं". त्यानंतर पाण्यावरून एकदाही विषय निघाला नाही.

तेलकट कढया निघतात का, तर हो, पण ७० डिग्रीचा प्रोग्राम लावावा लागतो, तासाभराच्या क्विक प्रोग्राममध्ये फोडणीचा चिकटपणा तसाच राहतो. रोज इको, म्हणजे पाणी-वीज वाचवणारा प्रोग्राम, लावला तर तीन तासांच्या वर जातो, आम्ही रात्री झोपताना लावतो. ताटाला चिकटलेला भात, कढीपत्ता वगैरे आधी डस्टबिनमध्ये झटकून टाका आणि खालची जाळी आठवड्यातून एकदा धुवा, नाहीतर वास येतो. वाट्या तिरक्या लावा, सरळ पालथ्या घातल्या की बुडाच्या खोलगट भागात पाणी साठून राहतं.

मीठ मात्र चुकवू नका. पहिले दोन आठवडे आम्ही घातलंच नाही आणि स्टीलच्या पेल्यांवर पांढरा थर बसायला लागला. पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा काढायला मशीनच्या आत वेगळी सोय असते, ती या मिठावर चालते. घरातलं आयोडीनचं मीठ चालत नाही, डिशवॉशरचंच जाड मीठ लागतं आणि पाणी किती जड आहे ते सेटिंगमध्ये सांगावं लागतं. आमच्यासारखं बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर मिठाचा खर्च धरूनच घ्या.

आणि आता जे खरंच वाईट झालं ते. सासूबाईंनी लग्नात दिलेली हिंडालियमची कढई मी न विचार करता आत घातली, बाहेर आली ती काळपट आणि हात लावला की बोटाला काळं लागतंय. त्या कढईत त्यांनी २० वर्षं स्वयंपाक केला होता. मला रडू आलं. मी दोन दिवस फोन टाळत होते, शेवटी नवऱ्याने स्वतः फोन करून आईला सांगितलं की चूक आमच्या दोघांची आहे. तेव्हापासून आमच्या घरात ठरलं की ज्याची आई त्याने बोलायचं. भांड्यांवरून, सणाला कोणाकडे जायचं यावरून, सगळ्यावरूनच, आणि खरं सांगते, या नियमाने आमची मशीनपेक्षा जास्त भांडणं मिटलीत. तर ॲल्युमिनियम, हिंडालियम, तांबं-पितळ, बिडाचा तवा, नॉनस्टिक, लाकडी पोळपाट-लाटणं, यातलं काही आत घालू नका. रुखवतातलं पितळ मी चिंच लावून हातानेच घासते. प्लॅस्टिकच्या डब्यांवरचे हळदीचे डाग पण जात नाहीत.

मशीनमध्ये टाकायच्या साबणाच्या गोळ्यांचा खर्च महिन्याला पाचशेच्या आसपास येतो, दिवसाआड लावलं तर अर्धा.

दोघंच आहोत म्हणून छोटं ८ सेटिंगचं घ्यायचा विचार करत असाल तर घेऊ नका. त्यात कुकर आणि परात एका वेळी बसत नाही, आणि सिंकमध्ये उरलेल्या त्या दोन भांड्यांवरूनच परत सुरू होतं.