फ्रीबीएसडीवर एआय एजंट थेट चालवताना: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे काम करणाऱ्या आमच्या छोट्या कार्यालयात युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये टंकलेल्या शेकडो फाईली पडून होत्या. त्या युनिकोडमध्ये आणायच्या, त्यांना नीट नावे द्यायची आणि रूपांतरात मोडलेली जोडाक्षरे शोधून काढायची, हे काम मी एका एजंटकडे, म्हणजे भाषा-मॉडेलच्या सांगण्यावरून स्वतः आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, सोपवायचे ठरवले. लेखकांची अप्रकाशित हस्तलिखिते बाहेरच्या कोणत्याही सेवेकडे पाठवायची नाहीत हे आधीच ठरलेले होते. कार्यालयाचा सर्व्हर अनेक वर्षे फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या, पण लिनक्सहून वेगळ्या प्रणालीवर चालतो, त्यामुळे एजंट त्याच यंत्रावर चालणार हे नक्की होते. प्रश्न फक्त कसा, हा होता.

बीहाइव्ह या फ्रीबीएसडीच्याच सोयीने लिनक्सचे आभासी यंत्र उभारणे सर्वांत सोपे होते, परंतु ३२ जीबी मेमरीतला मोठा वाटा त्यासाठी कायमचा बाजूला ठेवावा लागला असता. लिनक्सचे प्रोग्राम चालवणारा सुसंगतता-स्तरही आहे, पण नव्या प्रोग्रामना लागणारी प्रत्येक सोय त्यात मिळतेच असे नाही, आणि एखादी गोष्ट अडली की दोष नेमका कोणाचा हे शोधण्यात वेळ जातो. म्हणून मी थेट फ्रीबीएसडीवरच सगळे चालवण्याचा मार्ग घेतला. मॉडेल चालवणाऱ्या लामा-सीपीपीचे तयार पॅकेज आहे. पायथनच्या बाबतीत मात्र आधीच सांगून ठेवते, की पिप या पायथनच्या साधनाने काही बसवायला गेल्यास फ्रीबीएसडीसाठी आधीच कंपाइल केलेली बायनरी बहुतेक वेळा मिळत नाही आणि रस्ट भाषेतल्या भागांसकट सगळे जागेवर कंपाइल करावे लागते. शक्य तितकी पॅकेजे फ्रीबीएसडीच्या स्वतःच्या ‘पीकेजी’नेच घ्यावीत.

मांडणी अशी केली, की मॉडेल मुख्य यंत्रावर वेगळ्या, मर्यादित अधिकारांच्या वापरकर्त्याच्या नावे चालते आणि एजंट एका जेलमध्ये राहतो. जेल ही सोय फ्रीबीएसडीत २००० सालच्या ४.० आवृत्तीपासून आहे. आतल्या प्रोग्रामला स्वतःची डिरेक्टरी आणि स्वतःचे नेटवर्क एवढेच दिसते, आणि पीएफ या फायरवॉलच्या नियमांनी मी त्याला मॉडेलच्या ८०८० या पोर्टखेरीज कुठेही जाऊ देत नाही. मूळ फाईली त्याला फक्त वाचण्यापुरत्या जोडलेल्या आहेत. कामाच्या प्रतींसाठी झेडएफएस या फाईलप्रणालीचा डेटासेट, म्हणजे स्वतंत्र विभाग आहे, आणि प्रत्येक कामाआधी त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, जेलच्या बाहेरून घेतला जातो, म्हणजे एजंटला तो पुसता येत नाही. बाहेरून घेणे हाच या सगळ्याचा कणा आहे.

खरा त्रास वेगळ्याच ठिकाणी झाला. मॉडेल जे काही शिकले आहे ते लिनक्सच्या जगातले आहे. ते लिनक्सवर सेवा चालू-बंद करणाऱ्या ‘सिस्टीमसीटीएल’ची आज्ञा देते आणि बॅश हे आज्ञा चालवणारे शेल ‘/बिन’मध्येच असणार असे धरून चालते. या चुका लगेच दिसतात, कारण आज्ञा चालतच नाही. घातक ठरली ती ‘सेड’, मजकुरात शोधून बदल करणारी आज्ञा. लिनक्सवर फाईल जागीच बदलणाऱ्या ‘-आय’ या पर्यायापुढे काही द्यावे लागत नाही, तर फ्रीबीएसडीत तिथे बॅकअप फाईलच्या नावाचा शेवट द्यावाच लागतो. एजंटने ‘सेड -आय -ई’ असे लिहिले, सेडने ‘-ई’ हाच तो शेवट समजला, आणि प्रत्येक प्रकरणाशेजारी नावापुढे ‘-ई’ लागलेली एक जास्तीची फाईल उभी राहिली. त्या काढून टाक, असे सांगितल्यावर एजंटने नावात कुठेही ‘-ई’ असलेल्या सगळ्या फाईली पुसल्या. त्यात ‘-एडिट’ अशा शेवटाच्या अकरा फाईली गेल्या, कारण रोमन लिपीत दोन्हींची सुरुवात एकाच अक्षराने होते. मी रोलबॅक करण्याच्या, म्हणजे सगळा डेटासेट स्नॅपशॉटच्या स्थितीला परत नेण्याच्या बेतात होते, पण त्याच डेटासेटमध्ये मुद्रितशोधक ताईंनी दुपारभर केलेल्या दुरुस्त्या होत्या आणि त्याही गेल्या असत्या. म्हणून स्नॅपशॉटच्या लपलेल्या डिरेक्टरीत जाऊन तेवढ्या अकरा फाईली परत उचलल्या. माणसांचे आणि एजंटचे डेटासेट आता वेगळे आहेत.

दुसरी अडचण खास मराठीची. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखालचा बिंदू (नुक्ता) अशा दोन चिन्हांनी. आमचे रूपांतरक दुसऱ्या प्रकारे लिहीत होते आणि मॉडेल पहिल्या, त्यामुळे ‘दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना’ नावाच्या, डोळ्यांना अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन फाईली एकाच डिरेक्टरीत आल्या आणि एजंट भलतीच दुरुस्त करत राहिला. झेडएफएसमध्ये नॉर्मलायझेशनचा गुणधर्म लावला की अशी दोन नावे एकच मानली जातात. पण तो गुणधर्म डेटासेट तयार करतानाच लावावा लागतो, नंतर बदलता येत नाही. मला नवा डेटासेट करून सगळे हलवावे लागले. मराठी नावांच्या फाईली ठेवणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करावे.

वेगाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ग्राफिक्स कार्डाविना, सात अब्ज पॅरामीटरचे चार-बिटी (आकार कमी केलेले) मॉडेल सेकंदाला सात-आठ टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, देते, आणि मराठी शब्दाचे तुकडे इंग्रजीपेक्षा बरेच जास्त पडत असल्याने मजकूर संथच येतो. काम रात्री लावले की सकाळपर्यंत होते. मेमरी व्यापणाऱ्या झेडएफएसच्या कॅशला मर्यादा घालणे मात्र विसरू नये.

आता प्रत्येक कामाच्या सूचनेआधी मी अर्ध्या पानाचे टिपण जोडते: ही फ्रीबीएसडी आहे, बॅश नाही, सेड अशी लिहायची, पुसण्याआधी यादी दाखवायची. त्यानंतर चुकीच्या आज्ञा पुष्कळ कमी झाल्या. पुसण्याची परवानगी अजूनही मीच देते. सकाळी चहाच्या वेळी यादी उघडून, एकेक नाव वाचून.