आमच्या नगरपरिषदेची हिवाळ्यातली सूचना सेवा : भोंग्याला पाच स्टार, व्हॉट्सॲप ग्रुपला दोन

लोक हॉटेलचे लिहितात, मोबाईलचे लिहितात, मी आज आमच्या नगरपरिषदेचा रिव्ह्यू लिहून राहिलो. पूर्ण नगरपरिषदेचा नाही, रस्ते आणि नाल्यांबद्दल लिहायचं तर वेगळं बसावं लागेल. फक्त हिवाळ्यात ती ज्या सूचना देते, घंटागाडीच्या भोंग्यावर, व्हॉट्सॲप ग्रुपवर, नोटीस बोर्डावर, तेवढ्याचा. गावाचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्या कोण्या एका कर्मचाऱ्यावर जाऊ नयेत. अमरावती जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं, क वर्ग नगरपरिषद, म्हणजे लोकसंख्या २५ ते ४० हजाराच्या मधात. बसस्टँडजवळ माझं कपड्याचं छोटं दुकान आहे आणि घर तिथून दोन गल्ल्या सोडून.

पहिले भोंग्याचं सांगतो कारण लिहायला बसलो तोच त्यासाठी.

माझी माय सत्तरीच्या पुढची आहे, दम्याचा त्रास आहे. तिची जुनी सवय, थंडी पडली का चुलीतले निखारे घमेल्यात घ्यायचे, घमेलं बाजेखाली सरकवायचं आणि दार खिडकी गच्च लावून झोपायचं. दोन वर्षांपासून मी सांगून राहिलो होतो का माय हे नको करू, बायकोनं सांगितलं, डॉक्टरनं सांगितलं, ती हो म्हणायची आणि आम्ही झोपलो का घमेलं परत बाजेखाली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसातला घंटागाडी आली, नेहमीचं गाणं मधातच थांबलं आणि ड्रायव्हरनं स्वतः माईक घेतला. रेकॉर्डिंग नाही, कागद वाचणं नाही, जसं घरात बोलतो तसं. "मायबापहो, रातच्याला शेगडी, घमेलं खोलीत घेऊन झोपू नका बरं. धुपट दिसत नाही पण त्याचा गॅस जीव घेते, माणूस झोपेतून उठतच नाही." आमच्या घरासमोर दोनदा म्हटलं त्यानं. माय खिडकीत उभी होती. त्या रात्री तिनं घमेलं स्वतः अंगणात नेलं आणि वरून तांब्याभर पाणी टाकलं. मी म्हटलं काऊन माय? तर म्हणे, "गाडीवाल्यानं सांगतलं न बा."

मी काही वेळ तिथंच उभा राहिलो. दोन वर्ष जे मला जमलं नव्हतं ते त्या माणसानं एका मिनिटात केलं आणि त्याला माहीत पण नाही.

ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांच्यासाठी थोडं खुलासा करतो. निखारे बंद खोलीत धुमसतात तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही वास नाही, आणि तो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, मग गुंगी. माणसाला वाटते झोप येऊन राहिली. बाथरूममधल्या गॅस गिझरचं पण तसंच आहे, हवा जायला जागा नसली का धोका, आणि गिझर आता आमच्या गावात पण खूप घरी लागलेत. ते भोंग्यावर आलं नाही, पुढच्या हिवाळ्यात यायला पाहिजे.

दुसरी सूचना जी मला मनापासून आवडली ती कापसाची. इकडचं ज्याला माहीत आहे तो समजेल, डिसेंबर जानेवारीत अर्ध्या घरांमधी एक तरी खोली कापसानं छतापर्यंत भरलेली असते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, त्यामुळं कोणी सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या नंबरसाठी थांबलं, कोणी व्यापाऱ्याचा भाव वाढायची वाट पाहत थांबलं, आणि तोपर्यंत कापूस घरात. त्याच घराच्या अंगणात संध्याकाळी पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांची शेकोटी, पोट्टे त्यात तुरीच्या शेंगा भाजतात, वारा सुटला का ठिणगी खिडकीतून आत जायला किती वेळ लागते. भोंग्यावर सांगितलं का कापूस भरलेल्या खोलीत मोबाईल चार्जिंगला लावू नका, दिवा नेऊ नका, शेकोटी घरापासून लांब आणि बाजूला पाण्याची बादली, आग लागली तर १०१ नाहीतर ११२. आणि एक गोष्ट सांगितली ती खास, का कापसाची आग वरून विझलेली दिसली तरी आतमधी धुमसत राहते, म्हणून विझली समजून घरात झोपू नका, पूर्ण ढीग बाहेर काढा. हे वाक्य मुंबईहून आलेलं नाही, ज्यानं आपल्या गावात कापसाची आग पाहिली त्यानंच लिहून दिलेलं असणार. अशा सूचनेला मी दहा पैकी दहा देतो.

आता व्हॉट्सॲप ग्रुपकडे येतो.

ग्रुपमधी आमच्या प्रभागातले लोक आहेत, नगरपरिषदेचा एक ॲडमिन आहे. सूचना येते ती लेटरहेडचा फोटो, तिरपा काढलेला, खाली अंगठ्याची सावली. विषय, थंडीच्या लाटेबाबत करावयाच्या उपाययोजना. आणि आत काय तर नागरिकांनी आवश्यक ती खबरदारी घ्यावी. कोणती खबरदारी ते नाही. थंडीची लाट म्हणजे काय ते पण नाही. हवामान खात्याचा हिशोब सोपा आहे, आपल्यासारख्या सपाट भागात किमान तापमान १० अंशावर किंवा त्याच्या खाली आलं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असलं का थंडीची लाट. एवढं एक वाक्य टाकलं असतं तर लोकांनी आकडा पाहून स्वतः ठरवलं असतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरला ३.५ अंश झालं होतं, आपल्याकडे फक्त उन्हाळाच मारतो असं म्हणणाऱ्यानं हा आकडा लक्षात ठेवावा. रात्री गव्हाला पाणी द्यायला शेतात जाणाऱ्याला हे दोन दिवस आधी कळलं पाहिजे.

पाण्याचं तर सांगूच नका. आमच्या इकडे विहिरीचं, बोअरचं पाणी खारं, प्यायचं पाणी नळाचंच, ते पण दिवसाआड. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सहाला नळ यायचा होता, आम्ही भांडे मांडून बसलो, नळ आला नाही, आणि अकरा वाजता ग्रुपवर मेसेज, मुख्य जलवाहिनी दुरुस्तीमुळे आज पाणीपुरवठा बंद राहील. अहो साहेब, बंद राहील नाही, बंद राहिला! आदल्या दिवशी घंटागाडी गल्लीत आलीच होती, तिच्यावर सांगितलं असतं तर लोकांनी एक गुंड, म्हणजे हंडा, जास्त भरून ठेवला असता. शेजारच्या काकू त्या दिवशी दोन गुंड पाणी मागून घेऊन गेल्या, त्यांच्याकडे साधा फोन आहे, ग्रुप त्यांना माहीतच नाही. म्हणून ग्रुपला दोन स्टार, आणि ते पण ॲडमिन विचारलं का उत्तर देतो म्हणून.

धुराची तक्रार थोडी सविस्तर लिहितो कारण ती माझ्या घरातली आहे. कचरा जाळू नये अशी पाटी चौकात लागलेली आहे, बरोबरच आहे, घनकचरा नियमांमधी २०१६ पासूनच उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे आणि राष्ट्रीय हरित लवादानं त्याच वर्षी ५,००० रुपये दंड सांगितला, मोठा ढीग असला तर २५,०००. पण आमच्या गल्लीत सकाळी झाडलोट झाली का पालापाचोळा, प्लास्टिकच्या पन्न्या, गुटख्याच्या पुड्या सगळं एका कोपऱ्यात लोटून सफाईवालेच काडी लावायचे. थंडीत सकाळी जमिनीजवळची हवा गार आणि वरची हवा गरम असते, झाकण ठेवल्यासारखं होते, धूर वर जातच नाही, गल्लीतच लोळत राहते. मायला नोव्हेंबरमधी दोनदा नेब्युलायझर लावायला न्यावं लागलं. मी सफाईवाल्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "भाऊ, गाडी इकडं दोन दिवस आली नाही, ढीग ठेवला तर तुम्हीच फोटो काढता." त्यांचं पण खोटं नव्हतं. मी स्वच्छता ॲपवर फोटोसहित तक्रार टाकली, मग आरोग्य विभागात लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. आठ दिवसांनी आमच्या गल्लीतला ढीग गाडीत जायला लागला, आता जाळत नाहीत. मागच्या बाजूच्या गल्लीत अजून जाळतात, मला तिथून धूर दिसतो. २० डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला स्वच्छता मोहीम झाली, चांगली झाली, लोक पण आले. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे, आयुष्यभर हातात खराटा घेऊन फिरले. त्यांच्या जिल्ह्यात झाडलेला कचरा पेटवला जाते याचं मला खरंच वाईट वाटते.

मालमत्ता कराची आठवण मात्र व्यवस्थित येते, महिन्यातून तीनदा. ३१ मार्चच्या आत भरा, थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, हे भोंग्यावर, ग्रुपवर, बोर्डावर सगळीकडे आहे. मी दुकानाचा भरला, खिडकीवरच्या मॅडमनं शिक्षण कर, रोजगार हमी कर, वृक्ष कर सगळं वेगवेगळं समजावून सांगितलं, त्यांचे आभार. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची ते पण असंच सगळीकडे सांगायला पाहिजे, तो कागद आत जिन्याजवळ लावला आहे, तिथं कोणाची नजर जात नाही. निवडणुकीच्या काळात ग्रुप मुका झाला होता, काही विचारलं का आचारसंहिता. आता २ डिसेंबर २०२५ चं मतदान होऊन २१ डिसेंबरला निकाल लागला, जवळपास चार वर्षांच्या प्रशासकानंतर निवडून आलेली माणसं बसली, आता सांगायला माणूस आहे असं आपण धरून चालू.

संक्रांतीच्या मांजाचं काम यंदा बरं झालं. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी दरवर्षी गुपचूप विकते. यंदा भोंग्यावर चार दिवस सांगितलं का गळ्याला रुमाल, दुपट्टा बांधूनच गाडी चालवा, पोरं समोर बसवू नका, आणि १५ जानेवारीला शाळेच्या पोट्ट्यांना घेऊन झाडांवरचा, तारांवरचा मांजा काढला. हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आता शेवटची गोष्ट, ज्याच्यामुळं मी पाच पैकी साडेतीनच देऊन राहिलो.

दिवाळी झाली का मेळघाटातून कोरकू आदिवासी मजूर कापूस वेचायला, तूर कापायला खाली येतात, बायका-लेकरं घेऊन. काम मिळेपर्यंत एक दोन रात्री बसस्टँडवर काढतात. माझ्या दुकानासमोरच. बोर्डावर नोटीस होती, थंडीमुळे बेघर व गरजूंसाठी समाजमंदिरात रात्रीच्या मुक्कामाची सोय केली आहे, खाली तीन मोबाईल नंबर. एका रात्री साडेनऊला मी शटर पाडत होतो तर चार बाया आणि सहा लेकरं फरशीवर पोते अंथरून बसलेली. एक लेकरू खोकलत होतं. मी म्हटलं चला, सोय आहे, माझ्या मागं या. त्यातल्या एकीलाच मराठी समजत होती, तिनं बाकीच्यांना सांगितलं. सामान डोक्यावर घेऊन त्या माझ्या मागं समाजमंदिरापर्यंत आल्या आणि तिथं कुलूप. पहिला नंबर बंद. दुसरा वाजत राहिला. तिसरा उचलला, तो म्हणे किल्ली दुसऱ्याकडे असते, पाहतो. आम्ही पायरीवर बसलो. माझ्या बायकोनं घरून चहा आणि रात्रीच्या भाकरी पाठवल्या. सव्वाअकराला एक माणूस मोटरसायकलवर आला, झोपेतून उठून आला होता, कानाला मफलर, त्यानं दार उघडलं, लाईट लावला, स्वतः आतून दोन सतरंज्या काढून झटकल्या आणि सकाळी पाण्याचा कॅन आणतो म्हणाला. आणला पण. त्या माणसावर माझा राग नाही, उलट त्याला पाच स्टार.

पण ती नोटीस कोणासाठी होती ते मला समजलं नाही. ती मराठीत, ए फोर कागदावर, नगरपरिषदेच्या आवारात, जे गेट सहाला बंद होते. ज्यांना गरज आहे ते बसस्टँडवर, त्यातले बरेच फक्त कोरकू बोलणारे, आणि त्यांच्यापर्यंत भोंगा पण जात नाही कारण घंटागाडी सकाळची. संध्याकाळी एकदा गाडी बसस्टँडवर उभी करून त्यांच्यातल्याच कोणाला माईक दिला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

मी दुसऱ्या दिवशी लेखी दिलं का किल्ली बसस्टँडजवळच्या कोण्यातरी दुकानात ठेवा, माझ्याच ठेवली तरी चालते, मी दहापर्यंत असतो, आणि चालू असलेला एकच नंबर मोठ्या अक्षरात स्टँडच्या खांबावर लिहा. पोच मिळाली. या गोष्टीला आता बारा दिवस झाले. किल्ली आली नाही, खांबावर काही लिहिलं नाही, थंडी अजून आहे आणि काल रात्री परत पाच जण होते. सोमवारी नवीन अध्यक्षांना भेटायला जातो आहे, सोबत कोणी येत असेल तर अकरा वाजता दुकानावर या.