अस्सल, नक्कल आणि चिमुकली बॅटरीवाली: हापूसच्या बागेत चेनसॉ वापरल्यानंतर

चेनसॉ म्हणजे फिरत्या साखळीची मोटार-करवत. तो घ्यायचा म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "किती सीसीचा?" मी हल्ली आधी विचारतो, चालवणार कुठे, जमिनीवर उभं राहून की फांदीवर बसून? तीन वेगळ्या जातीची मशीन जवळपास वर्षभर हाताळल्यावर माझं मत असं झालंय की स्वस्तातलं मशीन जमिनीवर निभावतं, झाडावर ते न्यायचंच नाही. आणि वाचलेले पैसे चेनवर घालायचे.

आधी काम काय ते सांगतो, कारण लाकडाच्या वखारीवाल्याला यातलं निम्मं लागू पडणार नाही. आमची बाग रत्नागिरीजवळ पावस गावाच्या बाजूला. हापूसची जुनी कलमं उंच गेलेली, मधे ऊन शिरत नाही, फवारणी शेंड्यापर्यंत पोचत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने सांगितलेल्या पद्धतीने पावसाळा सरल्यावर थोड्या थोड्या कलमांचं पुनरुज्जीवन चाललंय. म्हणजे मधल्या जाड फांद्या काढून झाड मोकळं करायचं आणि कापावर बोर्डोपेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायची. शिवाय बांडगूळ आहेच, वाऱ्याने पडलेला एखादा फणस असतो, काजूच्या वाळक्या फांद्या आणि घरचं जळण.

मशीन तीन. एक स्टिल या जर्मन कंपनीचं एमएस 180, 31.8 सीसी, बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) आणि चेन सोडून चार किलोच्या आसपास. दुसरं नाव-गाव नसलेलं चिनी, डब्यावर "58 सीसी, 22 इंच" असं ठळक छापलेलं, पहिल्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या किमतीत आलेलं. तिसरी बॅटरीवर चालणारी, अर्ध्या वितीच्या बारची छाटणीची करवत.

58 सीसीपासून सुरुवात करू, कारण यूट्यूबवर सगळे तेच विकतायत. मशीन चालतं. तसं म्हणायला मला लाज नाही. पडलेला फणस ओंडके करून बाजूला काढायचा तर तेच उचलतो. पण पिस्टनची रिंग बदलायला मेकॅनिकने सिलिंडर उघडला तेव्हा मोजून घेतलं: बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 45 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 34. हिशोब करा, 54 सीसी होतात. चार सीसीने आभाळ कोसळत नाही, पण डब्यावरच्या आकड्याची किंमत कळली. या ताकदीला 22 इंचाचा बार लांबच पडतो. पूर्ण बार लाकडात बुडवला की आरपीएम खाली येतो, क्लच घसरायला लागतो आणि टोकापर्यंत ऑइल नीट पोचत नाही. 18 इंचाचा बार आणि 72 ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत धावणाऱ्या कड्यांची) चेन लावली, तेव्हा तेच मशीन माणसात आलं. डब्यातली चेन मात्र पहिल्या दिवसापासून रद्दी होती. दात मऊ, दोन ओंडक्यांत धार गायब. चांगल्या कंपनीची .325 पिचची (कड्यांमधलं अंतर, इंचात), 1.5 मिमी गेजची (ड्राइव्ह लिंकची जाडी) चेन घातल्यावर अर्ध्याहून जास्त तक्रारी मिटल्या.

मिटली नाही ती चेन ब्रेकची. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की बार उसळून थेट तोंडाच्या दिशेने येतो. ही किकबॅक. त्या क्षणी समोरचा हँडगार्ड मनगटाने पुढे ढकलला जातो आणि चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. रोज काम सुरू करण्याआधी हे तपासता येतं: मशीन जमिनीवर दाबून धरा, रेस करा, दोन्ही हात न सोडता मनगटाने गार्ड पुढे ढकला. एमएस 180 मध्ये चेन तिथल्या तिथे थबकते. चिनी मशीनमध्ये ती आपली थोडी सावकाश थांबते. क्लच ड्रमभोवतीचा पट्टा ऑइलने माखलेला असेल तर आणखी सावकाश. पट्टा साफ केला, फरक पडला, पण "बहुतेक वेळा थांबते" या भरवशावर मी माणूस झाडावर चढवणार नाही. आमचा गडी चढण्यात पटाईत आहे, त्यानेही ते मशीन वर न्यायला साफ नकार दिला. वजन हेच एक कारण त्याला पुरेसं होतं.

नाव-गाव नसलेलं मशीन आणि खोट्या नावाचं मशीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं निदान "मी स्वस्त आहे" असं प्रामाणिकपणे सांगतं. माझ्या चुलतभावाने बाहेरगावच्या एका दुकानातून नारिंगी-पांढरं, अगदी हुबेहूब स्टिलसारखं मशीन "कंपनीचंच, फक्त बिल नाही" म्हणून घेतलं. अस्सलच्या निम्म्या किमतीत. उघडून बघेपर्यंत कुणाला शंका येऊ नये असं. अस्सल स्टिलच्या बॉडीवर नऊ आकडी नंबर ठोकलेला असतो आणि तो बिलावर, वॉरंटी कार्डावर यायला हवा. इथे नुसता स्टिकर, नखाने निघणारा. चेनही बघावी: अस्सल चेनच्या ड्राइव्ह लिंकवर गेजचा आकडा कोरलेला असतो, 1.3 मिमीला 3, 1.5 ला 5, 1.6 ला 6. भावाच्या चेनवर कोरी पाटी. "मेड इन चायना" वाचून मात्र लगेच नक्कल ठरवू नका, स्टिलचा स्वतःचा कारखाना चीनमध्ये चिंगदाओला आहे. चेन मात्र स्वित्झर्लंडमधल्या विल गावच्या कारखान्यातून येतात. भावाचं मशीन आता कोपऱ्यात पडलंय, कारण अस्सलचा कार्ब्युरेटर त्याला बसत नाही आणि त्याचा स्वतःचा कुठे मिळत नाही. नाव-गाव नसलेल्या चिनी मशीनचे सुटे भाग निदान ऑनलाइन ढिगाने मिळतात, सगळे एकाच साच्यातले.

एमएस 180 बद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि तेच त्याचं कौतुक. थंड असताना दोन-तीन ओढीत सुरू होतं. 16 इंचाचा बार, 3/8 पिको (स्टिलची बारीक, हलकी) चेन, 55 लिंक. हापूसच्या मांडीएवढ्या फांदीला पुरून उरतं. मऊ लाकडात तर खेळच. पण जुन्या किंजळाचं खोड किंवा सुकलेला ऐन असं कठीण लाकूड समोर आलं की 31.8 सीसीचा दम संपतो, तिथे घाई केली तर मशीन तापतं. अशी कामं जास्त असणाऱ्याने एमएस 250 बघावं, 45.4 सीसी. नारळाचं खोड कोणत्याच मशीनला आवडत नाही. धागे बारमध्ये अडकतात आणि धार बघता बघता जाते.

आता बॅटरीवाली. अशा छोट्या करवतींची लाट स्टिलच्या 10 सेंटिमीटर बारच्या, 10.8 व्होल्टच्या जीटीए 26 नंतर इकडे जोरात आली, आणि तिच्या नकला तर बाजारात पाऊस पडल्यासारख्या. नकलेवर "48 व्होल्ट", "88 व्होल्ट" असं काहीही छापतात. आत पाच लिथियम सेल ओळीने जोडलेले असतात, पूर्ण चार्जला एकेक 4.2 व्होल्ट, म्हणजे सगळे मिळून 21. मल्टिमीटर लावा आणि हसा. मी अस्सलच घेतली आणि बांडगुळासाठी ती सोन्यासारखी निघाली. बांडगूळ नुसतं ओरबाडून काढलं की आतल्या मुळ्या फांदीत राहतात आणि पुन्हा फुटतं, म्हणून चिकटलेल्या जागेच्या बरंच खालून फांदीच काढावी लागते. शिडीवर उभं राहून कोयत्याने तो घाव नीट बसत नाही, साल फाटते. ही करवत स्वच्छ कापते. पण लाल मुंग्या अंगावर चढलेल्या असताना बटणाचा लॉक सोडवत बसणं हा वेगळाच अनुभव. मनगटाहून जाड फांदीला तिच्या नादी लागू नये. आणि एक हाताने चालते म्हणून दुसरा हात कापाजवळ नेऊ नये, कारण इथे चेन ब्रेक नाही.

झाडावर चढून काम करणाऱ्यांसाठी वरच्या बाजूला हँडल असलेले खास चेनसॉ असतात, एमएस 194 टी सारखे. घ्यावासा वाटला होता. पण तो दोर-हार्नेस बांधून काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसासाठी आहे. आमच्या गड्याकडे दोर आहे तो सुंभाचा. नकोच. जाड फांद्या असतील तेव्हा साधं 180 दोराने वर पाठवतो, बंद करून, ब्रेक लावून.

कापताना एक पथ्य सगळ्यांना सारखं. आधी खालून एक तृतीयांश काप, मग थोडं पुढून वरून. नाहीतर फांदी स्वतःच्या भाराने खोडाची साल सोलत खाली येते, आणि त्या जखमेवर खोडकिडा हमखास येतो. शेवटचा काप तिरका, पाणी साचू नये असा.

पेट्रोलवर मात्र थोडं बोलायला हवं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने टाकीत ठेवलेलं पेट्रोल-ऑइलचं मिश्रण म्हणजे कार्ब्युरेटरचा डायफ्राम कडक करण्याची खात्री. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. स्टिलच्या स्वतःच्या टू-स्ट्रोक ऑइलला लिटरमागे 20 मिली पुरतं, चिनीला माहितीपत्रकात 40 मिली लिहिलंय आणि मी तेवढंच घालतो. धूर होतो, होऊ दे. चेनला गॅरेजमधलं जळकं काळं ऑइल घालायची आपल्याकडे सवय आहे. त्यातला धातूचा कीस ऑइल पंप आणि बार दोन्ही खातो.

कानस: पिको चेनला 4 मिमी, .325 ला 4.8. लाकडाचे जाडसर तुकडे उडायचे थांबून पिठासारखा भुसा पडायला लागला की कानस काढायची, जोर लावत बसायचं नाही. आमच्याकडे उजव्या हाताचे दात नेहमी जास्त घासले जातात आणि काप वाकडा जातो. मोजून दोन्ही बाजूंना सारखे हात मारायला सांगितल्यापासून ते थांबलं.

कुणी विचारलंच तर: घरचं जळण आणि पडझड एवढंच असेल तर 18 इंचाचा बार लावून चिनी घ्या, त्यावर चांगली चेन, जाळीदार हेल्मेट आणि जाड बूट. कलमांची छाटणी दरवर्षीची असेल तर 180. बाग लहान असेल तर आधी फक्त बॅटरीची करवत घ्या आणि जाड कापांसाठी मशीनवाला रोजाने बोलवा. अख्खं झाड पाडायचं असेल तर मशीनच्याही आधी वनविभागाचा अर्ज भरा. आंबा 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, आणि झाड तुमच्या सातबाऱ्यातलं असलं तरी परवानगी लागते.