आठ महिने हायपोक्लोराइट वापरल्यानंतर

रूट कॅनॉल, म्हणजे दाताच्या मुळातली बारीक नळी, धुण्यासाठी बरीच वर्षं माझा हात २ टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाकडेच जायचा. उग्र वास नाही, कपड्यांचा रंग उडायची भीती नाही, आणि जंतू तर मरतातच. आठ महिन्यांपूर्वी मीच आधी केलेली एक दाढ पुन्हा उघडावी लागली. दोन कॅनॉलांना जोडणाऱ्या बारीक फटीत सडलेल्या पल्पचा (दाताच्या आतल्या मऊ गाभ्याचा) अंश तसाच राहिला होता. कॅनॉल घासायची फाईल तिथे पोहोचतच नाही, आणि क्लोरहेक्सिडीन जंतू मारत असलं तरी मेलेलं ऊतक विरघळवत नाही. त्या दिवसापासून मुख्य द्रावण सोडियम हायपोक्लोराइट, आणि शेवटी १७ टक्के ईडीटीए, म्हणजे घासताना भिंतीवर बसलेला थर काढणारं द्रावण.

पहिला फरक डोळ्यांनीच दिसला. पल्प चेंबरमध्ये, म्हणजे दाताच्या मधल्या पोकळीत, द्रावण सोडलं की बुडबुडे येतात आणि बाहेर येणारं पाणी गढूळ असतं. ते बदलत राहिलं की बुडबुडे कमी होत जातात. ऊतकाशी गाठ पडली की त्यातला क्लोरीन लवकर खर्च होतो, म्हणून एकदा भरून ठेवलेल्या द्रावणाचा फारसा उपयोग नाही. सुरुवातीला मी ५.२५ टक्केवालं वापरलं, कारण जास्त तीव्र म्हणजे जास्त चांगलं असं डोक्यात बसलं होतं. ते वेगाने विरघळवतं हे खरं, पण मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर नुकसानही तेवढंच जास्त. आता ३ टक्केच वापरते, पण भरपूर आणि सारखं ताजं.

पण सगळ्यात मोठा बदल बाटलीत नव्हता, सुईत होता. द्रावण सुईच्या टोकापुढे जेमतेम मिलिमीटरभर जातं, आणि खाली अडकलेली हवा त्याला पुढे सरकू देत नाही. म्हणजे मी पूर्वी दाढेच्या वरच्या भागातच धूत होते! आता ३० गेजची, म्हणजे अगदी बारीक, बाजूला छिद्र असलेली सुई वर्किंग लेंग्थच्या (कॅनॉलमध्ये जिथपर्यंत काम करायचं त्या लांबीच्या) २ मिमी अलीकडपर्यंत नेते. ती कुठे अडकू देत नाही, सतत वर-खाली हलवते, आणि पिस्टन अंगठ्याऐवजी तर्जनीने दाबते, म्हणजे जोर आपोआप कमी पडतो. शेवटी द्रावण ढवळायला कंप पावणारी अल्ट्रासॉनिक टिप २० सेकंद, असं तीनदा, दरवेळी नवं द्रावण भरून. यंत्र बंद पडलं तेव्हा कॅनॉलमध्ये नीट बसणारा गटापर्चा कोन (कॅनॉल भरायची रबरासारखी काडी) दोन-तीन मिमी वर-खाली करून द्रावण ढवळलं. तेही चांगलं काम देतं.

दोन चुका सांगते. एक बाटली खिडकीशी, झाकण सैल अशी राहिली. काही दिवसांनी वास गेला, बुडबुडे गेले. उजेड आणि उष्णता या द्रावणाला मारतात. तेव्हापासून लहान अपारदर्शक बाटल्या, आणि प्रत्येकीवर उघडल्याची तारीख. दुसरी चूक जास्त वाईट. जुन्या सवयीने हायपोक्लोराइटनंतर लगेच क्लोरहेक्सिडीन सोडलं आणि कॅनॉलमध्ये तपकिरी साका बसला. तो डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराच्या, सूक्ष्म नळ्या बुजवतो आणि काढता काढता जीव जातो. ईडीटीएही हायपोक्लोराइटमध्ये मिसळू नये, कारण ते मोकळा क्लोरीन खाऊन टाकतं. माझा क्रम असा: काम चालू असताना सतत हायपोक्लोराइट, शेवटी स्मिअर लेयर (घासल्याने भिंतीवर बसलेला भुशाचा थर) काढायला एक मिनिट ईडीटीए, मग थोडा वेळ पुन्हा हायपोक्लोराइट.

रबर डॅमशिवाय, म्हणजे दात तोंडापासून वेगळा ठेवणाऱ्या रबरी पडद्याशिवाय, हे द्रावण हातात घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पेशंटला चष्मा आणि मोठा एप्रन द्या. द्रावण मुळाबाहेर गेलं तर भूल असूनही एकदम असह्य कळ येते, झपाट्याने सूज चढते, कॅनॉलमधून रक्त येतं. माझ्या हातून अजून तसं झालेलं नाही, पण मुळाचं टोक उघडं असलं किंवा भिंतीला छिद्र असलं की मी तीव्रता कमी करते आणि सुई आणखी वर ठेवते.

कॅनॉल पाझरत असेल तर दोन भेटींच्या मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतू मारणारं औषध अजूनही ठेवते. त्याचा पीएच १२.५ च्या आसपास, पण डेंटिन तो खाली आणतं, आणि एंटेरोकॉकस फीकॅलिस हा चिवट जंतू पेशीतला आम्लपणा राखून त्यात तग धरतो. त्यामुळे त्याच्या भरवशावर धुण्यात कसर करत नाही. पुढच्या दातांत मिनोसायक्लिन असलेली तिहेरी (तीन औषधांची) अँटिबायोटिक पेस्ट मात्र बंद केली, दात काळवंडतात.

मुळाच्या टोकाशी काळी सावली असलेल्या दातांबद्दल इतक्यात काही म्हणणार नाही. हाड भरायला वर्षभर लागतं, कधी चार वर्षंही. सहा महिन्यांच्या एक्स-रेत काही सावल्या लहान झालेल्या दिसल्या. ज्या दाढेपासून हे सगळं सुरू झालं, तिचा पुढचा एक्स-रे वर्ष भरल्यावर काढायचा आहे.