जुना चेंजर, पट्ट्याचा टर्नटेबल की डायरेक्ट ड्राइव्ह? घरच्या तबकड्यांसाठी काय घ्यावं

माळ्यावरून जुन्या तबकड्या खाली आल्या की घरात पहिला प्रश्न निघतो, "यंत्र कुठलं घ्यायचं?" मी आधी तबकड्यांचे तीन ढीग करायला सांगते: मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जड आणि ठिसूळ तबकड्या वेगळ्या, ४५ फेऱ्यांच्या छोट्या वेगळ्या, ३३ फेऱ्यांच्या एलपी वेगळ्या. आमच्या मिरजेच्या घरी आजोबांच्या साठेक ७८ निघाल्या, त्यांत अब्दुल करीम खाँसाहेब आणि बालगंधर्व होते. आत्याने जमवलेल्या भावगीतांच्या वीसेक ४५ होत्या. उरलेल्या बाबांच्या एलपी, बहुतेक ख्यालगायनाच्या. एवढा हिशेब झाला की निम्मा निर्णय होऊन जातो, कारण आज दुकानात मिळणाऱ्या कित्येक चांगल्या टर्नटेबलना ७८चा वेगच नसतो.

भारतातल्या घरांना हा मुद्दा जास्त लागू पडतो. इंग्लंड-अमेरिकेत ७८ची तबकडी १९६०च्या आसपास संपली, आपल्याकडे ती त्यानंतरही बरीच वर्षं निघत राहिली. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८वर छापली गेली. त्यामुळे आजी-आजोबांचा संग्रह असेल तर त्यात ७८ निघणारच असं धरून चाला.

निवड तीन प्रकारांत आहे: रबरी चाकाने थाळी (जिच्यावर तबकडी ठेवतात ती) फिरवणारा जुना चेंजर (रचून ठेवलेल्या तबकड्या एकामागून एक आपोआप लावणारं यंत्र), पट्ट्यावर चालणारा, आणि मोटरच थाळीखाली बसवलेला डायरेक्ट ड्राइव्ह. आवाजाबद्दल लोक तावातावाने भांडतात. मी मात्र दोनच गोष्टी बघते: वेग किती स्थिर राहतो, आणि बिघडल्यावर घरच्या घरी काय करता येतं.

वेग आधी, कारण आपलं संगीत त्याबाबतीत फार कडक परीक्षा घेतं. तंबोरा अखंड झंकारत असतो, पेटीचा सूर लांब धरलेला असतो. थाळी थोडी जरी हेलकावली तरी तंबोऱ्याचा सूर पाण्यावरच्या सावलीसारखा हलतो. ढोल-ताशाच्या गाण्यात हे लपून जातं, विलंबित ख्यालात लपत नाही. टर्नटेबल विकत घ्यायला गेलात तर तंबोरा स्पष्ट ऐकू येणारी एखादी एलपी काखेत मारून जा आणि पहिली दोन मिनिटं फक्त तंबोरा ऐका.

रबरी चाकाचा चेंजर

आमचा गॅरार्ड या इंग्लिश कंपनीचा. रचना साधी आहे: मोटरच्या दांड्यावर वेगवेगळ्या जाडीच्या पायऱ्या असतात, एक रबरी चाक एका बाजूने त्या पायरीला आणि दुसऱ्या बाजूने थाळीच्या आतल्या काठाला टेकतं. वेगाची खुंटी फिरवली की चाक वर-खाली सरकतं आणि दुसरी पायरी धरतं. ओढ जबरदस्त, थाळी चटकन वेग घेते, आणि ७८ हा वेग त्यात मुळातच असतो.

दोष दोनच, आणि दोन्ही वयाचे. पहिला वंगणाचा. आत भरलेलं ग्रीस वर्षानुवर्षांत राळेसारखं घट्ट होतं, मग सुई धरणारा हात अर्ध्यावर अडकतो किंवा तबकडी संपली तरी मागे येत नाही. दुसरा दोष चाकाचा. रबर कडक होतं, आणि चाक दांड्याला टेकलेलं ठेवून यंत्र तसंच वर्षभर पडून राहिलं तर दांड्याच्या दाबाने त्यावर खाच पडते.

बाबा गेल्यावर आम्ही चेंजर एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. तीन आठवड्यांनी तो परत आला. लावला की व्यवस्थित सुरू व्हायचा, पण दोन मिनिटांत वेग ढळायचा. शेवटी मीच मधली बारीक पकड स्क्रूड्रायव्हरने सरकवली आणि थाळी उचलली. आतल्या काठावर तेलाची चकाकी होती. दुरुस्ती करताना सगळीकडे सढळ हाताने तेल सोडलेलं, ते फिरता फिरता काठावर उडालं आणि चाक घसरू लागलं. कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन काठ पुसला, मोटरचा दांडा पुसला, मग चाक बोटांत धरून त्याची कड पुसत राहिले. चौथ्या बोळ्यापर्यंत कापूस काळा येत होता. कडेवरून नख फिरवलं तेव्हा एका जागी बारीक अडथळा लागला. गाण्याखाली जे धप्-धप् ऐकू येत होतं ते तिथलंच. बारीक सँडपेपरवर चाक हलक्या हाताने गोल फिरवल्यावर ते जवळजवळ गेलं. मोटरच्या बेअरिंगला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब दिले, चाकाच्या मधल्या खिळ्याला एक. घट्ट ग्रीस काढायला लोखंडी भागांपुरतं रॉकेल चालतं, रबराला मात्र ते लागू देऊ नका.

इतकं घरच्या टेबलावर एका संध्याकाळीत होतं, म्हणून वडिलांचा चेंजर भंगारात देऊ नका असं मी कळकळीने सांगते. पण त्याची मर्यादाही ओळखा. अशा चेंजरमध्ये बहुधा सिरॅमिक काट्रिज (सुईची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा हाताच्या टोकाचा भाग) असतं. ते सुई साधारण ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजनाने तबकडीवर दाबतं, आणि त्याची सुई ताठ असते. ७८ला हे सोसतं. स्टिरिओ एलपीची नाजूक खाच मात्र दर फेरीला थोडी झिजते. "मग चांगलं मॅग्नेटिक काट्रिज बसवू" हा विचार साहजिक आहे, पण या चेंजरवर ते सहसा जमत नाही. हात मागे आणणाऱ्या यंत्रणेला ढकलण्याएवढा जोर दोन ग्रॅमवर चालणाऱ्या सुईत नसतो, आणि जवळच्या मोटरची गुरगुर मॅग्नेटिक काट्रिज पकडतं.

एक खुलासा. गॅरार्डचेच १९५०च्या दशकातले ३०१ आणि नंतरचे ४०१, किंवा स्वित्झर्लंडचा लेन्को एल ७५, हेही रबरी चाकावरच चालतात, पण ती वेगळ्या तोलाची यंत्रं आहेत. त्यांना उत्तम हात आणि मॅग्नेटिक काट्रिज लागतं. असा एखादा घरात सापडला तर वरची मर्यादा त्याला लागू नाही.

पट्ट्याचा

१९६१ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी अमेरिकेत अकूस्टिक रिसर्चचा टर्नटेबल आणला. पट्ट्यावर फिरणारी थाळी आणि हात त्यांनी मोटरपासून वेगळे करून स्प्रिंगांवर टांगले होते. मोटरची थरथर रबरी पट्टा गिळून टाकतो, ही त्यातली मूळ युक्ती. रेगा आणि प्रो-जेक्ट या कंपन्यांची आजची यंत्रं पट्ट्याचं तत्त्व पुढे चालवतात, बहुतेक वेळा स्प्रिंगांशिवाय.

दुरुस्तीला याच्याइतकं सोपं काही नाही. पट्टा सैल झाला की बदलायचा, कप्पी पुसायची, झालं. आपल्या हवेत पट्टा लवकर म्हातारा होतो, तीन-पाच वर्षांनी नवा लागेल असं धरा. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या यंत्रात तो विरघळून गुळाच्या पाकासारखा चिकटलेलाही सापडतो, तो अल्कोहोलने निघतो. टेपरेकॉर्डरचा मिळेल तो पट्टा ओढूनताणून बसवू नका. जाडी किंवा लांबी थोडी जरी चुकली तरी तंबोरा लगेच चुगली करतो. त्या मॉडेलचाच पट्टा मागवा आणि एक जास्तीचा घेऊन ठेवा.

एलपीच ऐकायच्या असतील तर रेगा प्लॅनर १ मला मनापासून आवडतो. पण तो ३३ आणि ४५च देतो, आणि वेग बदलायला थाळी उचलून पट्टा कप्पीच्या दुसऱ्या खाचेत हाताने सरकवावा लागतो. दिवसाला दोन एलपी ऐकणाऱ्याला हे काहीच नाही. ४५चा ढीग घेऊन बसणारी माझी आत्या पंधरा मिनिटांत कंटाळली. या साध्या प्लॅनरमध्ये फोनो प्रीअँप (काट्रिजचा क्षीण आवाज अँप्लिफायरला पेलेल इतका वाढवणारा भाग) नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. हा खर्च आधीच धरा.

ऑडिओ-टेक्निकाचा एलपी ६० एक्स स्वस्त आणि आपोआप चालणारा आहे, प्रीअँप आतच आहे. ज्येष्ठांना सुई हाताने ठेवायची नसेल तर तो सोयीचा पडतो. त्यात सुई बदलता येते, काट्रिज बदलता येत नाही, सुईचं वजनही कमी-जास्त करता येत नाही. पुढे त्यात काही सुधारायला वाव नाही हे समजून घ्या. ७८ त्यात नाही.

डायरेक्ट ड्राइव्ह

टेक्निक्सने १९७० मध्ये एसपी-१० आणला आणि १९७२ मध्ये एसएल-१२००. मधे पट्टा नाही, चाक नाही, थाळी मोटरच्याच अक्षावर बसते. पुढच्या एसएल-१२०० एमके २ मध्ये वेगावर क्वार्ट्झ स्फटिकाचा पहारा आला, तबकडी ०.७ सेकंदात पूर्ण वेग घेते. तंबोऱ्याच्या परीक्षेत हे यंत्र मला कधी नापास होताना दिसलं नाही.

बिघाड इथे इलेक्ट्रॉनिक असतो: कपॅसिटर वाळतात, वेग कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्टीत धूळ बसते, आवाजाच्या वायरी तुटतात. सोल्डरिंग येत असेल तर हे घरी होतं, नाहीतर टीव्ही-अँप्लिफायर दुरुस्त करणारा चांगला माणूस लागतो. १२०० लाखोंनी विकला गेला, म्हणून सुटे भाग आजही मिळतात. २०१०मध्ये बंद झालेलं उत्पादन २०१६मध्ये पुन्हा सुरू झालं. वापरलेला घेत असाल तर तो बहुधा डीजेच्या हाताखालून आलेला असणार. हाताचं टोक दोन बोटांत अलगद धरून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. मुळाशी खडखड जाणवली तर बेअरिंग गेलं आहे, सौदा सोडून द्या. आणि लक्षात ठेवा, एमके २ मध्ये ७८ नाही. नव्या एमके ७ मध्ये आहे.

मध्यम खिशाला ऑडिओ-टेक्निकाचा एलपी १२० एक्स. ३३, ४५, ७८ तिन्ही, प्रीअँप आतच, आणि पट्टी सरकवून वेग ८ किंवा १६ टक्के कमी-जास्त. ही पट्टी ७८साठी फार मोलाची आहे, कारण जुन्या तबकड्या सगळ्याच काही नेमक्या ७८वर ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत. सोबतची पेटी काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी वाजत असेल, तर मी स्वतःची पेटी लावून पट्टी हळूहळू सरकवते आणि सूर जुळला की थांबते.

सुई

यंत्र कुठलंही घ्या, तबकडी टिकते की झिजते हे सुई ठरवते. ७८ची खाच रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी लोळत फिरते आणि नुसता खरखराट वर काढते. जुन्या सिरॅमिक काट्रिजला दोन तोंडांची सुई आणि एक छोटी काडी असते. काडी ७८च्या बाजूला आहे ना, हे लावण्यापूर्वी रोज बघा. १२० एक्ससोबत एटी-व्हीएम ९५ ई काट्रिज येतं. त्याची पुढची सुई नुसती ओढून काढायची आणि ७८ची एसपी सुई बसवायची. सुईचं वजन एलपीला २ ग्रॅम, ७८ला ५ ग्रॅम, दर वेळी छोट्या डिजिटल काट्यावर मोजून. हिऱ्याची सुई साधारण हजार तास चालते. वापरलेल्या यंत्रातली सुई गेलेलीच आहे असं समजा आणि नवीचे पैसे किमतीत मिळवा.

काट्रिजच्या चार वायरी: लाल आणि हिरवी उजव्या बाजूच्या, पांढरी आणि निळी डाव्या. एखादी तुटली तर काट्रिज काढून बाजूला ठेवा, मगच वायरीच्या टोकाची टोपी सोल्डर करा. काट्रिजच्या पिनेवर सोल्डरिंगच्या कावियाची उष्णता गेली की आतली बारीक तार तुटते. अँप्लिफायर गुणगुणत असेल तर आधी अर्थची वायर बघा.

धुण्याबद्दल एकच कळकळीची सूचना. एलपीला डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. ७८ला अल्कोहोलचा थेंबही नको, त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पावसाळ्यानंतर बुरशी दिसली तर ७८ साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुसा, कागदी लेबल कोरडं ठेवा.

परदेशातून आणत असाल तर

माझ्या चुलतभावाने न्यू जर्सीहून पट्ट्याचा एक जुना सुंदर टर्नटेबल आणला. सोबत ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरही घेतला आणि निश्चिंत झाला. पहिलीच एलपी लावली आणि काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारच्या आसपास उतरली. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० आवर्तनं), आपल्याकडे ५०. या जुन्या मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो, म्हणून ३३ १/३ ऐवजी थाळी मिनिटाला जेमतेम २८ फेरे घेत होती. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. त्याला ५० हर्ट्झची जाड कप्पी लागते, ती त्या मॉडेलची मिळते का हे विमानात बसण्यापूर्वी बघा. क्वार्ट्झच्या डायरेक्ट ड्राइव्हला ही अडचण नाही, फक्त व्होल्ट सांभाळायचे.

वेग तपासायच्या रेषांच्या कागदी चकतीचंही हेच आहे: वेग बरोबर असला की दिव्याखाली तिच्या रेषा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. ५० हर्ट्झच्या चकतीवर ३३च्या ओळीत १८० रेषा असतात, ६०च्या चकतीवर २१६. आणि ती जुन्या पिवळ्या बल्बखाली बघा, बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेषा थांबलेल्या दिसतच नाहीत.

तर तुमच्या ढिगांकडे परत. फक्त एलपी असतील तर पट्ट्याचा घ्या. तिन्ही ढीग असतील आणि यंत्र एकच ठेवायचं असेल तर ७८ असलेला डायरेक्ट ड्राइव्ह आणि दोन सुया. घरात चालण्याजोगा चेंजर असेल तर तो ७८साठी दुरुस्त करा आणि एलपीसाठी वेगळं यंत्र घ्या. आमच्याकडे आता असंच आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर १२० एक्स, खालच्या फळीवर बाबांचा चेंजर, त्याचं चाक वापर नसताना दांड्यापासून मोकळं केलेलं.